दिनविशेषांच्या वाटेने हैदराबाद

वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात ‘दिनविशेष’ नावाचे लहानसे सदर असते. आजच्या दिवशी अमुक राजा गादीवर बसला, तमुक पूल रहदारीस खुला झाला, एका ग्रंथकाराने देह ठेवला, असे चार-दोन ओळींत सांगून ते सदर संपते. वाचकाची नजर त्यावरून एकवार फिरते आणि चहाचा पेला रिकामा होण्याच्या आत ती माहिती मनातून पुसलीही जाते. यात वाचकाचा दोष फारसा नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसाची पुण्यतिथी कोणास आठवण करून द्यावी लागत नाही. कारण त्या तिथीला एक घर असते, भिंतीवरची एक तसबीर असते, आणि त्या दिवशी करावयाचे काही कृत्य ठरलेले असते. स्थळ आणि कृत्य यांची जोड मिळाली म्हणजे तिथी स्मरणात राहते. ती जोड नसली म्हणजे तिथी केवळ आकडा उरते.

मोठ्या शहराचा इतिहास अशाच शेकडो आकड्यांत विखुरलेला असतो. त्या आकड्यांना स्थळ मिळवून द्यावयाचे, आणि त्या दिवशी त्या स्थळी पायी जाणे हेच कृत्य मानावयाचे, असा एक साधा उपाय अलीकडे अनेक शहरांतील इतिहासप्रेमी मंडळी योजीत असतात. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक दिनदर्शिका, शहराचा एक नकाशा, सकाळची दोन तासांची सवड आणि मजबूत पादत्राणे एवढे साहित्य पुरते. या उपायाने शहर कसे उलगडत जाते हे पाहावयाचे असेल तर हैदराबादसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

हैदराबादेस जाणारा प्रवासी बहुधा चारमिनार पाहतो, गोवळकोंड्याचा किल्ला चढतो, सालारजंग संग्रहालयातील घड्याळाचे टोल ऐकतो, लाड बाजारातून बांगड्या घेतो आणि शहर पाहिल्याच्या समाधानात परततो. या पाहण्यात शहराचे वैभव डोळ्यांत भरते. परंतु त्या शहरात माणसे कशी जगली, कशास भ्याली, कशासाठी भांडली, हे कळत नाही. ते कळण्यासाठी तारखेचे बोट धरून चालावे लागते.

मात्र हे बोट धरणे हैदराबादेत वाटते तितके सोपे नाही. या शहराने एकाच वेळी तीन-तीन कालगणना वापरल्या. सण आणि व्रते यांना मुसलमान घरांत हिजरी चांद्रमास, हिंदू घरांत पंचांगातील तिथी. निजामाच्या कचेऱ्यांत फसली सन, ज्याचे महिने आजूर, दै, बहमन अशा फारशी नावांचे. आणि रेसिडेन्सीच्या हद्दीत इंग्रजी तारीख. फसली सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन साधारणपणे हाती येतो. मराठवाड्यातील जुन्या घरांत जमिनीचे जे कागद आहेत, त्यांवरील साल वाचताना आजही हा हिशेब करावा लागतो. चारमिनार इसवी सन १५९१ मध्ये उभारला गेला, असे सांगितले जाते. परंतु उभारणाऱ्या महंमद कुली कुतुबशहाच्या दृष्टीने ते हिजरी सनाचे हजारावे वर्ष होते. एक सहस्रक पुरे होत असताना नवे नगर वसवावे, हा त्यातील भाव इंग्रजी आकड्यात पार हरवून जातो. म्हणून तारखेच्या वाटेने जाणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, ही तारीख कोणाची?

काही तारखांच्या बाबतीत स्थळ इतके साधे असते की, तेथे काही घडले असेल असा संशयही येऊ नये. बेगमपेठेच्या जुन्या विमानतळाजवळ एक लहानशी इमारत आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी तेथे रोनाल्ड रॉस नावाच्या लष्करी डॉक्टराने सूक्ष्मदर्शकाखाली एका डासाचे पोट तपासले आणि त्यात हिवतापाचे जंतू त्यास प्रथम दिसले. या शोधासाठी त्यास १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २० ऑगस्ट हा दिवस जगभर डासदिन म्हणून ओळखला जाऊ लागला. परंतु या कथेत आणखी एक माणूस आहे. हुसेन खान नावाच्या रुग्णाने स्वतःच्या अंगावर डास चावू दिले, आणि दर डासामागे एक आणा याप्रमाणे दहा डासांचे दहा आणे त्यास मिळाले. पारितोषिकाचा उल्लेख दिनविशेषात असतो, दहा आण्यांचा नसतो. त्या इमारतीपर्यंत चालत गेलेल्या माणसास मात्र दोन्ही हिशेब एकत्र मांडावेसे वाटतात.

काही तारखांना एक स्थळ पुरत नाही. त्यांना वाट लागते. १७ जुलै १८५७ हा शुक्रवार होता. मक्का मशिदीतील नमाजानंतर जमाव निघाला. तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन त्याच्या अग्रभागी होते. इंग्रजांच्या ताब्यात दिलेल्या जमादार चीदा खानास सोडवावे ही त्यांची मागणी होती. मशिदीपासून निघून, मुसी नदी ओलांडून, ते कोठीच्या रेसिडेन्सीपर्यंत आले, शेजारच्या दोन सावकारांच्या घरांतून त्यांनी रात्रभर गोळीबार केला, आणि पहाटेपर्यंत तो उठाव मोडला. निजामाचे दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूस होते. तुर्रेबाज खान पकडला गेला, कैदेतून निसटला आणि १८५९ च्या जानेवारीत मारला गेला. अलाउद्दीनास अंदमानात पाठविण्यात आले. ही हकीकत पुस्तकात वाचली तर दिल्ली-कानपूरच्या मानाने किरकोळ वाटते. पण मशिदीपासून कोठीपर्यंतचे अंतर पायी कापले, नदी ओलांडली आणि रेसिडेन्सीचे ते उंच खांब समोर आले, म्हणजे शहराच्या एका काठावर दरबार आणि दुसऱ्या काठावर त्या दरबारावर नजर ठेवणारी सत्ता, ही हैदराबादची शंभर-दीडशे वर्षांची स्थिती नकाशावाचून ध्यानात येते. आज कोठीच्या गर्दीत तुर्रेबाज खानाचे स्मारक आहे; त्याच्या बाजूने रोज हजारो लोक बसगाडी पकडण्यासाठी धावत असतात.

याच रेसिडेन्सीच्या सावलीत सुलतान बाजार वसला आहे, आणि येथे मराठी माणसाची पावले आपोआप मंदावतात. रेसिडेन्सीच्या बाजारपेठा १९३३ पर्यंत इंग्रजांच्या अमलाखाली होत्या. निजामी राज्यात सभा भरवावयाची तर परवानगी लागे. या हद्दीत तो जाच कमी होता. सत्ता परकी, पण तिच्या कुंपणाआड लोकभाषांना थोडा श्वास घेता आला, असा हा विलक्षण योग. १ सप्टेंबर १९०१ रोजी याच भागात तेलुगू भाषेचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम स्थापन झाले. मराठी मंडळीही मागे नव्हती. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींनी १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा काढली. १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. आणि १९३१ मध्ये ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन या शहरात भरले. या घटनांची स्थळे परस्परांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. उर्दू ही राजभाषा असलेल्या राजधानीत, तेलुगू आणि मराठी वाचनालये एकमेकांच्या शेजारी, एकाच अडचणीतून वाढत होती, ही गोष्ट एका सकाळच्या फेरीत जशी पटते तशी ग्रंथांच्या याद्या वाचून पटणार नाही.

कोठीपासून काचीगुडा लांब नाही. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री तेथे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान कचेरीतून घरी परतत असताना त्यांच्यावर हल्ला झाला, आणि २२ तारखेस पहाटे त्यांचे प्राण गेले. हैदराबादने भारतात सामील व्हावे, हे मत निर्भयपणे लिहिणे हा त्यांचा अपराध. त्यानंतर चार आठवडे झाले नाहीत तोच, १७ सप्टेंबरच्या सायंकाळी, निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. ही १७ सप्टेंबरची तारीख तर मोठी बोलकी आहे. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकाच्या सीमेवरील कलबुर्गी-बिदरकडे तो विमोचन दिन. खुद्द हैदराबादेत त्याला कोणी मुक्तिदिन म्हणतो, कोणी राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणतो. सरकार बदलले की नावही बदलते. त्यानंतरच्या दिवसांत काही जिल्ह्यांतील निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले, त्याची वेदनाही याच तारखेच्या सावलीत आहे. एकाच दिवसाला इतकी नावे असणे म्हणजे त्या दिवसाचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही असेच समजावयाचे. अशा दिवशी एका व्यासपीठासमोर बसून एकच भाषण ऐकण्यापेक्षा काचीगुड्याच्या त्या रस्त्याने शांतपणे चालून यावे. एका उर्दू संपादकाने त्या रस्त्यावर कशाची किंमत मोजली हे आठवले, म्हणजे त्या दिवसाकडे केवळ हिंदू-मुसलमानांचा तंटा म्हणून पाहता येत नाही.

परंतु हैदराबादच्या दिनदर्शिकेत सर्वांत जड असा दिवस कोणता, असे विचारले तर उत्तर एकच येईल. तो दिवस म्हणजे २८ सप्टेंबर. त्या दिवशी राजा बदलला नाही, लढाई झाली नाही. त्या दिवशी नदी शहरात आली.

१९०८ साल. पंचांगात आश्विन उजाडून दोन-तीन दिवस झाले होते. हिंदू घरांत नुकतीच घटस्थापना झाली होती, आणि मुसलमान मोहल्ल्यांत रमजानचा चंद्र नुकताच दिसला होता. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी मुसी ही एरव्ही बारीक धारेची नदी. पण शहराच्या वरच्या अंगास पावसाने असा जोर धरला की, तलावामागून तलाव फुटू लागले. मुसीच्या खोऱ्यात लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले. आकाशातील पाणी आणि तलावांत साठविलेले पाणी यांचा एकच लोंढा २८ तारखेस, सोमवारी, पहाटेपासून शहरात चढू लागला. त्या दिवसाला हैदराबादचे लोक आजही उर्दूतला ‘तुगियानी’ हाच शब्द वापरतात. बळी किती गेले याचे आकडे वेगवेगळे दिले जातात; पंधरा हजार हा त्यांतील नेहमी सांगितला जाणारा आकडा.

या दिवसाची फेरी पुराण्या पुलापासून सुरू करावी. हा पूल १५७८ सालचा. म्हणजे शहराहूनही तेरा वर्षांनी वडील. गोवळकोंड्याच्या राजाला नदीपार जाता यावे म्हणून तो बांधला गेला आणि पुढे त्या पारच्या काठावर हैदराबाद वसले. १९०८ च्या पुराने नदीवरचे इतर तीन पूल, अफजल पूल, मुस्लिम जंग पूल आणि चादरघाटचा पूल, मोडून टाकले. पुराणा पूल तेवढा उरला. कित्येक दिवस शहराच्या दोन काठांना जोडणारा तोच एक दुवा होता. त्यावर आज भाजीच्या टोपल्या मांडलेल्या दिसतात. तेथे उभे राहून खाली पाहिले तर नदीचे पात्र किती रुंद होते, आणि वाहते पाणी आज त्यातील किती थोड्या भागात आहे, हे प्रथम ध्यानात येते.

तेथून दक्षिण काठाने पूर्वेकडे चालत निघावे. वाटेत पेटला बुरूज हे नाव भेटते. पूर चढू लागला तेव्हा शहराचा तट उंच म्हणून माणसे या बुरुजावर जमली. पाण्याने तटाचा पाया खाल्ला, बुरूज कोसळला, आणि त्यावरची माणसे वाहून गेली, असे त्या दिवसाच्या हकीकतींत सांगितले आहे. पुढे सिटी कॉलेज लागते, त्यानंतर उच्च न्यायालयाची लाल-गुलाबी दगडांची घुमटदार इमारत. १९२० मध्ये पुऱ्या झालेल्या या इमारतीत १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद या मराठी जिल्ह्यांतील पक्षकार आपले दावे घेऊन येत असत. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की, आपण उभे आहोत तो सारा काठ एका सकाळी पाण्याखाली होता आणि ही भव्य वास्तू त्या पुरानंतरच उभी राहिली?

नया पूल ओलांडून उत्तर काठावर यावे. येथे अफजलगंज आहे आणि उस्मानिया रुग्णालय आहे. जवळच कोलसावाडी नावाची वस्ती होती; पुराने ती समूळ नेली. उर्दूचे मोठे रुबाईकार अमजद हैदराबादी यांनी याच पुरात आई, पत्नी आणि मुलगी अशी तिघेही गमावली. ते स्वतः तेवढे वाचले. पुढे त्यांनी त्या आकांतावर दीर्घ कविता लिहिली. १९६१ पर्यंत ते जगले, पण त्या सकाळच्या आठवणीने त्यांची साथ कधी सोडली नाही.

रुग्णालयाच्या आवारात, नदीच्या बाजूस, चिंचेचे एक जुने झाड आहे. फेरीचे मुख्य स्थान हेच. २८ सप्टेंबर १९०८ रोजी सुमारे दीडशे माणसे या झाडाच्या फांद्यांवर चढली आणि पाणी उतरेपर्यंत तशीच धरून राहिली. ती सर्व वाचली. दगडी बुरूज पडला आणि चिंच टिकली. कोण हिंदू, कोण मुसलमान, कोण हमाल, कोण अंमलदार, याची नोंद झाडाने ठेवली नाही. गेल्या काही वर्षांपासून दर २८ सप्टेंबरला शहरातील जाणती मंडळी या झाडाखाली जमतात, पुरात गेलेल्यांचे स्मरण करतात आणि वाचविणाऱ्या झाडाचे आभार मानतात. येथे स्थळ आहे, तिथी आहे आणि करावयाचे कृत्यही आहे. घरातील पुण्यतिथीला जे लाभते ते सारे एका शहराच्या पुण्यतिथीला येथे लाभले आहे.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पूरग्रस्तांसाठी आपल्या वाड्यांचे दरवाजे उघडले. त्यांनी नदीकाठी जाऊन हिंदू रीतीप्रमाणे मुसीची पूजा केली आणि ओटी वाहिली, अशी लोककथा आहे. ती कितपत खरी हा प्रश्न वेगळा; शहराने ती शंभर वर्षांवर जपली हे मात्र खरे. सरोजिनी नायडू यांनी या वेळी जे मदतकार्य केले त्याबद्दल इंग्रज सरकारने त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ पदक दिले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर त्यांनी ते परत केले.

पूजा झाली, मदत झाली. पण पुन्हा असे होऊ नये यासाठी काय करावयाचे? निजाम सरकारने ज्यास पाचारण केले तो अभियंता महाराष्ट्राच्या पाण्यात घडलेला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले, नाशिक आणि खानदेशात त्यांनी नोकरी केली, खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. मुंबई सरकारच्या सेवेतून मोकळे होऊन ते युरोपात प्रवास करीत असता हे बोलावणे गेले, आणि १५ एप्रिल १९०९ रोजी ते हैदराबादेस पोहोचले. त्यांनी शहरातील भिंतींपेक्षा शहराच्या वरचे खोरे अधिक बारकाईने पाहिले. कोठे किती पाऊस पडला, कोणते तलाव केव्हा फुटले, हे सारे त्यांनी मोजून काढले. त्यांचा निष्कर्ष असा की, शहराचे रक्षण शहरात उभे राहून होणार नाही. ते वर, खोऱ्यातच करावे लागेल. मुसी आणि तिची उपनदी ईसी या दोहोंवर पाणी अडविणारे मोठे जलाशय हवेत, काठ उंच करावेत, आणि काठांवर उद्याने व रुंद रस्ते असावेत. त्याप्रमाणे मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन होऊन शहराची नवी आखणी सुरू झाली. आज प्रवासी ज्या इमारतींची छायाचित्रे घेतात, ते उच्च न्यायालय, ते सिटी कॉलेज, ते उस्मानिया रुग्णालय, ही सारी त्या पुराची लेकरे आहेत. पुराचे पाणी अडविण्यासाठी बांधलेले दोन सागर पुढे कित्येक दशके शहराला पिण्याचे पाणी पाजीत राहिले.

येथे ही कथा संपली असती तर ती सुखान्त झाली असती. परंतु चिंचेच्या झाडाखालून उठून फेरी आणखी थोडी पुढे न्यावी. नया पूल मागे टाकून पूर्वेकडे गेले की महात्मा गांधी बसस्थानक लागते. शहरातील लोक त्यास इमलीबन म्हणतात. इमलीबन म्हणजे चिंचेचे वन. हे अवाढव्य बसस्थानक उभे आहे ते मुसीच्या पात्रातील बेटावर. महाराष्ट्राकडे येणाऱ्या कित्येक गाड्या येथूनच सुटतात. २०२५ च्या सप्टेंबरात, अखेरच्या आठवड्यात, वरच्या दोन्ही सागरांतून पाणी सोडावे लागले आणि एका रात्रीत नदी या स्थानकात शिरली. अडकलेल्या उतारूंना बाहेर काढावे लागले. चिंचेच्या झाडाखालचा वार्षिक स्मरणदिन तेव्हा अगदी तोंडावर आला होता. २४ ऑगस्ट २००० रोजी एका दिवसात सुमारे चोवीस सेंटिमीटर पाऊस होऊन शहर बुडाले होते. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्रीच्या पावसाने जुन्या शहरातील वस्त्या पाण्याखाली घातल्या. त्याच वर्षी जुलैत उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत पावसाचे पाणी शिरले, आणि पुरातून जन्मलेली ती इमारत रिकामी करावी लागली.

१९९६ मध्ये या दोन सागरांभोवती दहा किलोमीटरच्या परिघात मोठी बांधकामे करू नयेत असा सरकारी हुकूम निघाला होता. त्यामागे विश्वेश्वरय्यांचाच विचार होता: शहर वाचवावयाचे तर खोरे वाचवा. २०२२ मध्ये ते निर्बंध उठविण्याचे पाऊल उचलले गेले आणि त्यावरून मोठा वाद माजला. जमीन महाग आहे, लोकसंख्या वाढते आहे, घरे हवीत, ही एका बाजूची अडचण खरी आहे. नदीच्या पात्रात घर बांधून राहिलेला गरीब माणूसही हौसेने तेथे गेलेला नसतो. त्यास हलवावयाचे तर दुसरीकडे छप्पर द्यावे लागेल, हेही तितकेच खरे. पण या सर्व वादांत ७८८ तलावांची आणि त्यांतील फुटलेल्या २२१ तलावांची आठवण कोणी काढीत नसेल, तर वाद करणाऱ्यांच्या हाती अर्धाच हिशेब आहे. नदीला आपले जुने पात्र ठाऊक असते. विसरतात ती माणसे.

आणि येथेच या तारखांच्या फेऱ्यांचे खरे मोल दिसते. अशी फेरी ही निव्वळ करमणूक असती तर ती एका वेळेस पुरली असती. पण दर वर्षी त्याच दिवशी त्याच वाटेने जाणारा माणूस नकळत पहारेकरी होतो. मागील वर्षी येथे मोकळा काठ होता, यंदा भराव पडला. येथे तलावाची सांडव्याची वाट होती, तेथे आता भिंत आली. झाडाची ही फांदी वाळू लागली. या कमानीतील दगड निखळला. असे बारीक बदल एकदा येणाऱ्यास दिसत नाहीत, आणि कचेरीत बसलेल्यास तर मुळीच नाहीत. ते दिसावयाचे तर पुन्हा पुन्हा जावे लागते. आणि पुन्हा पुन्हा जावयाचे तर काही निमित्त हवे. ते तारीख पुरविते.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, पणजी, प्रत्येक गावाला असे दिवस आहेत. कोठे नदी आहे, कोठे तलाव आहे, कोठे एखादी लढाई, एखादी साथ, एखादी शाळा. त्या गावच्या मराठी मंडळींनी वर्षातील बारा दिवस निवडले, महिन्यास एक, आणि त्या त्या दिवशी मुलांना बरोबर घेऊन ती जागा पायी पाहिली, तर वर्षाअखेर त्या मुलांना आपल्या गावाचे जे ज्ञान होईल ते कोणत्याही परीक्षेच्या पुस्तकात सापडणार नाही. बरोबर एखादा वृद्ध असावा, कारण जागेचे जुने नाव त्यालाच ठाऊक असते. आणि एक वही असावी, कारण यंदा काय दिसले हे पुढल्या वर्षी त्या वहीतच पाहावयाचे असते.

हैदराबादच्या त्या चिंचेला ना शिलालेख वाचता येतो, ना भाषण करता येते. ती एके सकाळी दीडशे माणसांना अंगाखांद्यावर घेऊन उभी राहिली, एवढेच तिचे चरित्र. दर २८ सप्टेंबरला तिच्याखाली जमणाऱ्यांत एखादे लहान मूल असते, आणि ते वर पाहून विचारते, पाणी कुठवर आले होते? मोठ्या माणसाने त्याला ती फांदी बोटाने दाखविली पाहिजे. ती दाखविता येईल तोवर त्या शहराला आपल्या नदीचा धाक राहील, आणि तो धाक राहणे हेच त्या शहराच्या हिताचे आहे.